कोपऱ्यावरचा वाणी आणि आपली यादी

गेल्या महिन्यात एका सकाळी रवा संपला म्हणून पायांत चपला सरकवल्या आणि कोपऱ्यावरच्या वाण्याकडे गेले. पाहते तो काय, शटर खाली! वर एक कागद चिकटवलेला : ‘दुकान कायमचे बंद केले आहे. लोभ असावा.’

लोभ होता हो! नव्हती ती यादी. कशी ते सांगते.

आम्ही गिरगावातले. आमच्याकडे काहीही बंद पडलं की बोट मेट्रोकडे जातं. त्यात खोटं काही नाही. रस्त्यात कितीतरी वर्षं पत्रे उभे होते. माणसाला चालायला वाट नाही, तर गिऱ्हाईक दुकानापर्यंत पोचणार कसं? पण ऑक्टोबर २०२५ मध्ये गिरगावचं भुयारी स्थानक सुरू झालं, आणि शेठनी दुकान मिटलं ते त्यानंतर. तेव्हा सगळा दोष मेट्रोच्या माथी मारून भागायचं नाही.

दोन दिवसांनी शेठ देवळापाशी भेटले. मी विचारलंच, “अहो, असं अचानक?” ते हसले. म्हणाले, “वहिनी, गर्दी पुष्कळ होती. पण कशासाठी? खायचा सोडा, काडेपेटी, देवाच्या वाती. महिन्याची यादी तुमच्या वाडीतून कुणी दिली त्याला किती दिवस झाले सांगा बरं!”

मी काय सांगणार, कपाळ? आमची यादी कधीची फोनवर गेली होती. उरलंसुरलं मोठ्या दुकानातून ढकलगाडी भरून यायचं. शेठकडे जायचं ते अडलं-नडलं तेव्हा.

आणि नडलं होतं तेव्हा काय झालं होतं? मार्च २०२० आठवा. टाळेबंदीत फोनवरच्या दुकानांची दारं आधी बंद झाली. तेव्हा ह्याच माणसानं अर्धं शटर वर करून वाडीला पीठ-तांदूळ पुरवलं. ह्यांचा पगार निम्म्यावर आला, तर न बोलता वहीत मांडून ठेवलं. सासूबाईंना जिना उतरवत नाही म्हणून पोऱ्याला वर पाठवलं. ते सगळं आम्ही दोन वर्षांत विसरलो. मी विसरले, असंच म्हणते. उगाच तुम्हांला कशाला ओढू?

आता तुम्ही म्हणाल, “बाई, भावनेनं का महिन्याचा खर्च भागतो?” नाही भागत. म्हणून मी वही घेऊन बसले. तीन रकाने आखले : फोन, मोठं दुकान आणि पलीकडच्या गल्लीतला वाणी. महिनाभर भाव लिहिले. तूरडाळ, तेल, साबण मोठ्या दुकानात स्वस्त, हे कबूल. पण तिथून मी दर खेपेला यादीत नसलेल्या चार वस्तू आणल्या. वाचलेले पैसे त्यांतच गेले. फोनवर थोडंसं मागवलं, तर पोचवण्याचा आणि हाताळणीचा आकार निराळा. वाणी डाळीला चार पैसे जास्त घेतो, पण पावशेर मागितलं तर पावशेरच देतो. महिनाअखेर तिन्ही रकान्यांत मला वाटला होता तेवढा फरक काही निघाला नाही.

वाण्याची बाजूही त्या वहीनंच कळली. काडेपेटीवर त्याला सुटतं ते काय? त्याचं दुकान चालतं ते महिन्याच्या यादीवर, आणि त्या जोरावर तो आपल्याला एक काडेपेटी देऊ शकतो. यादी दुसरीकडे आणि काडेपेटी त्याच्याकडे, असं फार दिवस चालत नाही.

म्हणून वाणी म्हणजे देवमाणूस, असंही नव्हे. १९७२ मध्ये मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर यांच्याबरोबर बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, त्या महागाईनं जीव नकोसा केला म्हणूनच. तेव्हा जवळच्या दुकानातही डोळे उघडे ठेवूनच जायचं. मी काय करते ते सांगते.

महिन्याच्या यादीतलं निम्मं सामान, निदान डाळी, तांदूळ, गूळ, पोहे, वाण्याकडून घेते. पाकिटावरची किंमत ही जास्तीत जास्त किंमत असते. त्याहून अधिक घेता येत नाही, कमी मात्र घेता येते. म्हणून मोठ्या यादीवर सूट मागायला लाजायचं नाही. बहुतेक पाकिटांवर ग्रॅमला किंवा किलोला किती पडतं तेही छापावं लागतं. मोठं पाकीट नेहमीच स्वस्त नसतं, हे त्यावरून ध्यानात येईल. वजनकाट्यावर वैधमापन खात्याची मुद्रा आहे ना, हे पाहावं. आणि बिल मागावं, ओळख कितीही जुनी असो.

आणखी एक. मुंबई ग्राहक पंचायतीनं १९७५ पासून शेजारपाजारच्या घरांना एकत्र यादी करायला शिकवलं. तीच युक्ती इथे लावा. चार बिऱ्हाडांची डाळ-तांदळाची यादी एकत्र करून वाण्याला भाव विचारा. आम्ही पलीकडच्या गल्लीत विचारला. तो वहीतल्या दुसऱ्या रकान्याच्या अगदी जवळ आला!

शेठच्या गाळ्याला आता नवा रंग लागतोय. आमच्याच वाडीतली एक सून तिथे पोळीभाजी केंद्र काढते आहे. मला बरं वाटलं. तिच्याकडेही आधी एफएसएसएआयच्या नोंदणीचा चौदा आकडी क्रमांक पाहीन, आणि मग आठवड्यातून दोनदा पोळ्या घेईन. पाहुणे अचानक आले की तेवढ्यापुरतं धावत जायचं, असं मात्र करणार नाही. पहिल्या दिवशी नारळ-पेढे घेऊन आपण सगळ्याच जातो. दुकानाला गिऱ्हाईक लागतं ते दुसऱ्या महिन्यात.

तेव्हा ह्या एक तारखेला यादी लिहायला बसाल, तेव्हा फोन जरा बाजूला ठेवा. कोपऱ्यावरचं दुकान उघडं आहे ना, ते खिडकीतून पाहा. असलं, तर निम्मी यादी तिकडे जाऊ द्या.