पडणारच आहे ना?

मुलाची दुधाची दाढ किडली की आपल्याकडे ठरलेलं वाक्य येतं, "दुधाचीच आहे, पडणारच आहे!" माझं या वाक्याशी जुनं भांडण आहे. पुढचे दुधाचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडतात हे खरं, पण दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत टिकायच्या असतात. त्या नुसत्या चावत नाहीत, खालून येणाऱ्या दाताची जागा धरून ठेवतात. एस्टीत रुमाल टाकून धरतो ना आपण, तशी! दाढ वेळेआधी गेली की मागची कायमची दाढ पुढे सरकते आणि नवा दात मिळेल तिथून, वाकडा उगवतो.

जबडा लहान नि दात मोठे, हे घराण्यातूनच आलं असेल तर तारा बहुधा लागतातच. पण किडलेली दाढ वेळेत भरून घेणं, काढावीच लागली तर जागा राखणारी छोटी तार बसवणं, अंगठा चोखायची सवय चौथ्या वर्षापर्यंत सोडवणं, सातव्या वर्षी एकदा दात दाखवून आणणं... एवढं तर आपल्या हातात आहे?

नाहीतर मग मुलगी लग्नाची झाली की धावाधाव. दीड-दोन वर्षं तारा, त्यानंतर रिटेनर. दात होतात सरळ, पण तोंडावर हात ठेवून हसायची सवय तोवर लागलेली असते. तिला कुठली तार लावणार?