दात काढला, पुढे काय?

शहापूर-मुरबाडच्या गावपाड्यांत दाढ दुखू लागली की उपचारांचा क्रम ठरलेला असतो. आधी लवंगेचे तेल, मग मेडिकलमधल्या गोळ्या, गालावर सूज आली की दवाखाना आणि तिथे एकच मागणी : ‘डॉक्टर, काढूनच टाका.’ दात निघतो, ठणका थांबतो आणि रुग्णाच्या दृष्टीने विषय संपतो.

प्रत्यक्षात तो तिथे सुरू होतो. रिकाम्या जागेकडे शेजारचे दात कलतात, समोरचा दात त्या पोकळीत सरकतो. जबड्याचे हाड झिजते. पहिल्या वर्षात त्या जागेची रुंदी निम्म्यापर्यंत कमी होऊ शकते आणि यातली मोठी घट पहिल्या तीन महिन्यांतच होते. दोन-चार दाढा गेल्या की नाचणीची भाकरी चहात बुडवून खावी लागते.

यावर सध्या सर्वाधिक गाजावाजा होतो तो इम्प्लांटचा. टायटॅनियम हाडाशी एकजीव होते, हे स्वीडनचे डॉ. पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांनी ओळखले आणि १९६५ मध्ये पहिल्या रुग्णाच्या जबड्यात असे स्क्रू बसवले. तंत्र भरवशाचे आहे. पण स्क्रू हाडात रुजायला साधारण तीन ते सहा महिने लागतात आणि दात बहुधा त्यानंतर बसतो. खासगी दवाखान्यात एका दाताचा खर्च हजारोंच्या घरात जातो. मुंबईच्या शासकीय किंवा नायर दंत महाविद्यालयात उपचार स्वस्त पडतात, पण आसनगावहून लोकल किंवा मुरबाडहून एसटीने कल्याण आणि पुढे लोकल, अशा प्रत्येक फेरीत दिवसाची मजुरी बुडते. दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेली कातकरी, ठाकर कुटुंबे पावसाळ्याच्या तोंडावरच परततात. तपासण्यांच्या तारखा त्यांना पाळता कशा येणार?

शिवाय इम्प्लांटला कीड लागत नसली, तरी त्याच्याभोवतीची हिरडी आणि हाड खराब होऊ शकते. धूम्रपान आणि आटोक्यात नसलेला मधुमेह यांमुळे तो निकामी होण्याचा धोका वाढतो. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरतात. मशेरीने दात घट्ट होतात, हा समज तर घरोघरी आहे. उलट तिने हिरड्या दातांपासून सुटतात आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोकाही वाढतो.

म्हणून दात काढण्याआधीच दोन प्रश्न विचारावेत. रूट कॅनॉलने हा दात वाचेल का? नसेल, तर या जागी काय बसवायचे आणि केव्हा? काढ-घाल करता येणारी कवळी किंवा ब्रिज हेही योग्य पर्याय आहेत. अक्कलदाढेच्या जागी तर बहुधा काहीच बसवावे लागत नाही.

राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम २०१४-१५ मध्ये सुरू झाला. सरकारी रुग्णालयांतील दंतविभाग सक्षम करणे हा त्याचा एक भाग आहे. त्याचे यश किती दात काढले यावर मोजून चालणार नाही. रूट कॅनॉल आणि कवळी या दोन सेवा शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात आणि मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयात नियमित मिळाल्या, तर इम्प्लांटची गरजच अनेकांना पडणार नाही.