प्लॅस्टिकमुक्त आवार कोणाच्या श्रमांवर?

दापोडीजवळ पवना मुळेला मिळते. पिंपरी-चिंचवडच्या वसाहती, बाजार आणि शिक्षणसंस्था यांच्याकडून नाल्यांत गेलेले प्लॅस्टिक नदीवाटे इथवर येते आणि पूर ओसरला की काठच्या झुडपांवर लोंबत राहते. प्रवेशद्वारावर ‘प्लॅस्टिकमुक्त परिसर’ अशी पाटी लावणाऱ्या विद्यापीठांनी आणि महाविद्यालयांनी आपल्या घोषणेची परीक्षा या काठावर करावी.

बंदीचे कायदे झाले आहेत. महाराष्ट्राने २०१८ साली पिशव्या, ताटे, पेले यांवर बंदी घातली. केंद्र सरकारने १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून फेकायच्या अनेक वस्तूंना मनाई केली. परंतु पाण्याची बाटली आणि वेफर्सचे पाकीट या केंद्रीय मनाईबाहेरच राहिले. उपाहारगृहांच्या आणि वसतिगृहांच्या कचऱ्यात मोठी भर पडते ती याच वस्तूंची.

या दोहोंचे अर्थशास्त्र मात्र भिन्न आहे. बाटलीला भंगाराच्या दुकानात भाव मिळतो, म्हणून ती कोणीतरी वेचून नेते. प्लॅस्टिक आणि अॅल्युमिनियम यांचे पातळ थर चिकटवून केलेले पाकीट सहजासहजी वेगळे करता येत नाही. त्याला भाव नाही, म्हणून ते पडून राहते किंवा जाळले जाते. आवारात काय उरावे हे कुलगुरूंचे परिपत्रक ठरवीत नाही, भंगाराचा बाजार ठरवितो. नफा उत्पादकाचा, निचऱ्याचा खर्च महापालिकेचा आणि नदीचा, अशी ही वाटणी आहे.

या व्यवहारात ज्यांचे श्रम खर्ची पडतात, त्या कचरावेचक स्त्रियांचा उल्लेख विद्यापीठांच्या अहवालांत क्वचितच आढळतो. पुण्याने याबाबत एक वेगळी वाट दाखविली होती. श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या प्रौढशिक्षण कार्यातून या स्त्रियांशी संबंध जुळला आणि १९९३ साली बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. वर्गीकृत कचरा हातात मिळावा आणि श्रमाला प्रतिष्ठा मिळावी, ही तिची साधी मागणी होती. पुढे २००८ साली ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने पुणे महापालिकेशी करार करून घरोघरचे काम हाती घेतले. म्हणजे विद्यापीठाने मनावर घेतले तर काय घडू शकते, याचा दाखला दूर शोधावा लागत नाही.

उलट, आवाराचा सगळा कचरा ठेकेदाराच्या स्वाधीन केला की विकाऊ माल त्याचा होतो आणि वेचणारी फाटकाबाहेर राहते. परिसर स्वच्छ दिसतो. पण त्या स्वच्छतेची किंमत तिच्या चुलीने मोजलेली असते.

तेव्हा शिक्षणसंस्थांनी तीन गोष्टी कराव्यात. सभा-समारंभांतील बाटल्यांची खरेदी थांबवून पिण्याच्या पाण्याची आणि स्टीलच्या पेल्यांची सोय करावी. ओला व सुका कचरा जागच्या जागी वेगळा करून, त्याच्या वर्गीकरणाचे काम कचरावेचकांच्या संस्थेला रीतसर मोबदल्यावर द्यावे आणि भंगाराचे उत्पन्न त्यांनाच मिळू द्यावे. निरुपयोगी पाकिटांचे दरमहा वजन करून ते उत्पादकांच्या नावानिशी जाहीर करावे. २०१६च्या नियमांनी उत्पादकावर जबाबदारी टाकली. तिचा हिशेब मागण्याचे काम अर्थशास्त्र आणि रसायनशास्त्र शिकविणाऱ्या संस्थांनी करायचे नाही, तर कोणी करायचे?