ग्राफिक्स कार्ड नाही? नो टेन्शन!

'ऑफिसच्या कामासाठी घेतलेला स्लिम लॅपटॉप आहे. त्यावर नवे गेम्स चालतील का?' नोकरीला लागून वर्ष-दोन वर्षं झालेला प्रत्येक जण कधी ना कधी हा प्रश्न विचारतोच. दुकानदाराचं उत्तर ठरलेलं, 'नाही हो सर, गेमिंग लॅपटॉपच घ्या, ईएमआय करून देतो!' थांबा बॉस. सही करण्याआधी जरा गणित करू या.

आधी फंडा क्लिअर करू. गेमिंग लॅपटॉपमध्ये ग्राफिक्सची वेगळी चिप असते आणि तिच्या दिमतीला तिची स्वतःची फास्ट मेमरी. साध्या लॅपटॉपमध्ये मात्र ग्राफिक्सचा संसार प्रोसेसरच्या पोटातच, आणि मेमरी म्हणाल तर तुमच्याच रॅममधून वाटून घेतलेली. वन रूम किचनमध्ये पाहुणे मुक्कामाला आल्यासारखं! म्हणूनच इथे सगळा खेळ रॅमचा. डीडीआर४-३२०० ची एकच स्टिक असेल तर सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी डेटाची ये-जा होते, दोन लावल्या की ५१.२ जीबी. गेम खेळताना हा फरक चांगलाच जाणवतो.

आता मुद्द्याचं. काय चालतं? 'स्टारड्यू व्हॅली', 'हॉलो नाइट', 'हेडीस' आरामात. २०२० मध्ये आलेला 'व्हॅलोरंट' तर इंटेलच्या एचडी ४००० सारख्या २०१२ च्या ग्राफिक्सवरही किमान भागवतो. मोठे गेम्स? २०२२ च्या स्टीम डेकमध्ये वेगळं कार्ड नाहीच, तरी त्यावर 'एल्डन रिंग' खेळता येतो, कारण स्क्रीन १२८० बाय ८०० ची. एएमडीचं रेडिऑन ७८०एम (२०२३) किंवा इंटेलचं आर्क १४०व्ही (२०२४) असेल तर 'सायबरपंक २०७७' सुद्धा लो सेटिंगवर खेळण्याजोगा चालतो. गेम अडखळला तर रिझोल्यूशन उतरवा. १०८०पी म्हणजे प्रत्येक फ्रेमला सुमारे २०.७ लाख पिक्सेल, ७२०पी म्हणजे ९.२ लाख. निम्म्याहून कमी काम!

पण सगळंच गोड नाही हं. 'इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल' (२०२४) आणि 'डूम: द डार्क एजेस' (२०२५) हे गेम्स रे ट्रेसिंगवालं ८ जीबीचं कार्ड किमान म्हणूनच मागतात. तिथे जुगाड नको, सरळ नमस्कार करा.

आमची कॉलेजची गँग आता पुणे, बंगळुरू, दुबई अशी पांगलीय. शनिवारी रात्री अकराला सगळे हेडफोन लावून ऑनलाइन भेटतात. गेम हे निमित्त, खऱ्या गप्पा बॉसच्या, ब्रेकअपच्या आणि आई-बाबांच्या बीपीच्या. मध्यंतरी एक जण यायचाच बंद झाला. का, तर 'लॅपटॉपला झेपत नाही'. घराचे हप्ते चालू असताना गेमिंग लॅपटॉप घ्यायचा कसा, आणि हे मित्रांना सांगायचं तरी कसं? शेवटी कळलं, लॅपटॉपमध्ये एक स्लॉट रिकामाच होता. लॅमिंग्टन रोडवरून दुसरी स्टिक आणली, सेटिंग्ज खाली आणल्या आणि पुढच्या शनिवारी साहेब हजर! रॅमचे भाव २०२५ च्या अखेरीस भडकले खरे, तरी एक स्टिक नव्या लॅपटॉपपेक्षा कितीतरी स्वस्तच.

तुम्हीही टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर जा. किती स्लॉट वापरात आहेत ते तिथे दिसतं. रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असेल तर मात्र नाद सोडा. नवा लॅपटॉप घेणार असाल तर हे दुकानातच विचारून घ्या.

आणि लॅपटॉप कंपनीचा असेल तर 'व्हॅलोरंट'च्या वाटेला जाऊ नका. त्याचं अँटी-चीट विंडोजच्या अगदी आतपर्यंत शिरतं. आयटीवाल्यांचा मेल आला की रँक-बिंक सगळं विसराल!

राहिला गेमिंग लॅपटॉप. तो हवाच असेल तर जरूर घ्या, पण वजन आणि चार्जर रोज लोकलमधून तुम्हालाच वाहायचंय. त्याआधी एक करा. गेल्या सहा महिन्यांत खरोखर खेळलेल्या पाच गेम्सची यादी काढा, प्रत्येकाची किमान गरज तपासा. पाचातले चार आहे त्या लॅपटॉपवर चालत असतील, तर एका गेमसाठी दोन वर्षांचा ईएमआय कशाला?