चूक मातृभाषेच्या माथी मारण्याआधी

परभाषा शिकणारा अडखळला की दोष मातृभाषेच्या माथी मारायचा, ही शिक्षकांची जुनी सवय. तिला एकेकाळी शास्त्राचाही आधार होता. परभाषेत जे मातृभाषेसारखे ते सोपे, जे वेगळे ते अवघड, असे भाषावैज्ञानिक रॉबर्ट लाडो यांनी १९५७ साली मांडले. दोन भाषा शेजारी ठेवा, फरक टिपा, अडचणींची यादी तयार! मत चटकन पटते, पण ते अपुरे आहे. जर्मन शिकलेल्या कोणाही मराठी माणसाने ते पडताळून पाहावे.

जर्मनमध्ये शब्दाच्या शेवटी 'ग', 'ड', 'ब' टिकत नाहीत. 'दिवस' या अर्थाचा शब्द लिहिताना शेवटी 'ग' असतो, उच्चार मात्र 'टाक'. अनेकवचनात पुढे स्वर आला की तोच 'ग' पुन्हा ऐकू येतो. मराठीत 'बाग' वेगळी आणि 'बाक' वेगळा. म्हणजे फरक दोन्हीकडून सारखाच आहे. मग अडचणही सारखीच हवी. तशी ती नसते. नियम कळला की आपल्याला 'टाक' फारशा कष्टाविना जमते. जर्मन माणसाला मात्र शेवटचा 'ग' जड जातो. इंग्रजी उत्तम बोलतानाही त्याच्या तोंडी 'डॉग'चा 'डॉक' होतो.

फरक तोच, अडचण एकालाच, असे का? भाषाविज्ञानातल्या प्राग संप्रदायाच्या त्रुबेत्स्कॉय आणि याकोबसन यांनी मांडलेली चिन्हित-अचिन्हित ही कल्पना इथे उपयोगी पडते. ज्या भाषा शब्दाच्या शेवटी घोष-अघोष ('ग'-'क' असा) भेद पाळतात, त्या तो सुरुवातीलाही पाळतात. उलट मात्र घडेलच असे नाही. जे असले की दुसरे असतेच, ते चिन्हित; म्हणून शेवटचा भेद चिन्हित, सुरुवातीचा अचिन्हित. फ्रेड एकमन यांनी १९७७ साली लाडोंच्या मताला ही जोड दिली: जे वेगळे आणि शिवाय अधिक चिन्हित, ते अवघड.

यावर कोणी म्हणेल, ही जर्मन माणसाची मातृभाषेतलीच सवय नव्हे का? मग मँडारिन चिनी घ्या. तिच्यात शब्दाच्या शेवटी 'ग' नाही आणि 'क'ही नाही. तरीही इंग्रजी बोलताना तिचे अनेक भाषक शेवटच्या 'ग'चा 'क' करतात. हा नियम त्यांच्या भाषेत नाही, इंग्रजीतही नाही. मातृभाषेवर आळ घ्यायला इथे जागाच उरत नाही.

अधिक गंभीर आक्षेप मार्टिन हास्पेलमाथ यांचा. 'चिन्हित' या संज्ञेचे बारा निरनिराळे अर्थ दाखवून २००६ साली त्यांनी ती सोडून द्यावी असे सुचवले. संज्ञा सैल झाली आहे, हे मला मान्य आहे. 'विरळ', 'कठीण', 'अनपेक्षित' या सगळ्यांना चिन्हित म्हणत सुटलो तर हाती काहीच लागत नाही. पण 'हे असेल तर ते असतेच' हा अर्थ काटेकोर आहे आणि जगातल्या भाषांवर तपासता येतो. अकरा अर्थ निकामी ठरले म्हणून बारावा टाकून देणे मला पटत नाही.

वर्गात तर हा अर्थ आपली योग्यता सिद्ध करतो. एकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात इंग्रजीतल्या संबंधी ('जो... तो' धाटणीच्या) वाक्यांचे प्रकार वेगवेगळ्या गटांना शिकवले गेले. सर्वांत चिन्हित प्रकार शिकलेल्यांना न शिकवलेले सोपे प्रकारही साधले. सोपा प्रकार शिकलेल्यांना अधिक चिन्हित प्रकार तसे साधले नाहीत. 'सोप्याकडून अवघडाकडे' हे आपल्या पाठ्यपुस्तकांचे सूत्र प्रत्येक ठिकाणी लागू पडत नाही. भाषेचे धडे रचणाऱ्यांनी पुढची आवृत्ती काढण्याआधी, निदान संबंधी वाक्यांपुरता, हा क्रम उलटा करून पाहावा.