मिसेस व्हाइटची बाजू

परवा रात्री भाच्याशी फोनवर चांगलाच वाद झाला. विषय ऐकाल तर हसाल. ना राजकारण, ना इस्टेट. विषय होता 'क्लूडो' या खेळातली मिसेस व्हाइट! सर्वात उत्तम मिसेस व्हाइट कोणी रंगवली, यावर तो म्हणाला, "मावशी, यात वाद कसला? मॅडलीन कान! बाकीच्या तिच्या पासंगालाही पुरणार नाहीत." मी म्हटलं, मला अजिबात मान्य नाही. तो हसून म्हणाला, "मग लिही ब्लॉगवर." घे बाबा, लिहिते.

ज्यांच्या घरी हा डबा नाही त्यांच्यासाठी थोडं आधी सांगते. बर्मिंगहॅमच्या अँथनी प्रॅट नावाच्या गृहस्थांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हा खेळ रचला आणि १९४९ साली वॉडिंग्टन्स कंपनीने तो बाजारात आणला. अमेरिकेत त्याचंच नाव 'क्लू'. एका मोठ्या हवेलीत खून झालेला असतो. संशयित ६, हत्यारं ६, खोल्या ९. म्हणजे उत्तराच्या शक्यता ३२४ (मास्तरणीची खोड, आकडेमोड केल्याशिवाय चैन पडत नाही). संशयितांत एक कर्नल, एक प्रोफेसर, एक पाद्री, दोन उच्चभ्रू बायका आणि सहावी मिसेस व्हाइट. ही त्या घरची स्वयंपाकीण, कारभारीण. बाकी पाचजण जेवायला येणारे, ही वाढणारी.

आता मॅडलीन कान. 'क्लू' हा सिनेमा १९८५चा, दिग्दर्शक जोनाथन लिन. त्याचे तीन वेगवेगळे शेवट केले होते आणि कुठल्या थिएटरला कुठला शेवट येईल ते प्रेक्षकाच्या नशिबावर! त्यात कानबाई काळ्या कपड्यांत, थंड चेहऱ्याने, एकामागून एक नवरे गमावलेली विधवा झाल्या आहेत. रागाचं वर्णन करताना शब्द सापडेनासे होतात आणि त्या नुसत्या ज्वाळांबद्दल अडखळत बोलत राहतात, तो प्रसंग त्यांनी आयत्या वेळी स्वतःच्या मनाने केला म्हणतात. तीनदा पाहिला, तीनदा हसले. बाई मोठ्या ताकदीच्या होत्या, १९९९ मध्ये गेल्या. त्यांच्या अभिनयाशी माझं काडीचं भांडण नाही.

भांडण आहे ते वेगळंच. त्या सिनेमात मिसेस व्हाइट स्वयंपाकीण नाहीच! ती पाहुणी आहे, मानाने जेवायला बोलावलेली. नाव स्वयंपाकिणीचं उचललं आणि दिलं एका धनाढ्य विधवेला. मग खरी स्वयंपाकीण कुठे गेली? आहे ना. दोन-चार वाक्यं बोलते आणि पुढे पाठीत सुरा खुपसलेली, फ्रीजरमधून बाहेर कोसळते. घरात काम करणारी दुसरी मुलगी इव्हेट, तिचाही गळा आवळला जातो. बटलर तेवढा सिनेमाभर धावपळ करत असतो, पण शेवटी कळतं की तोही नुसता बटलर नव्हताच. म्हणजे एवढ्या मोठ्या घरात राबणारं माणूस एक तर मरतं, नाही तर ते राबणारं नसतंच! भाचा म्हणतो, "अगं मावशी, ते विडंबन आहे." असेल बापडं. पण विनोदातसुद्धा कोणाला बोलायला मिळतं आणि कोणाला नुसतं पडायला मिळतं, ते बघावं माणसाने.

आता इंग्लंडची गोष्ट. तिथे १९९० ते १९९३ या काळात आयटीव्हीवर 'क्लूडो' नावाचा कार्यक्रम व्हायचा. आधी आर्लिंग्टन ग्रेंज या हवेलीतलं खुनाचं नाट्य दाखवायचे. मग सहाही संशयित स्टुडिओत ओळीने बसत आणि पाहुणे त्यांची उलटतपासणी घेत. नियम असा, की खोटं बोलायची परवानगी फक्त खुन्याला. दर मालिकेला सगळे नट बदलत, त्यामुळे मिसेस व्हाइटही बदलल्या. जून व्हिटफिल्ड, मग मॉली सगडेन, मग पॅम फेरिस, शेवटी लिझ स्मिथ. (मध्ये नाताळच्या खास भागात जोन सिम्स.)

या बायकांना कानबाईंसारखं गाजलेलं भाषण मिळालं नाही. त्यात प्रत्येकीच्या मागे जुन्या भूमिकेची सावली. मॉली सगडेन दिसल्या की 'आर यू बीइंग सर्व्ह्ड?'मधल्या मिसेस स्लोकोम आठवणार आणि लोक आधीच हसणार. पॅम फेरिस त्याच सुमारास दुसऱ्या मालिकेत घरभर लोकांना पोटभर खाऊ घालणारी आई झाल्या होत्या. अशी बाई खून करेल, हे प्रेक्षकाला खरं वाटायलाच वेळ लागणार! माझं मत मात्र लिझ स्मिथना. नवऱ्यापासून विभक्त झाल्यावर दोन मुलं वाढवत त्यांनी मिळेल ती कामं केली आणि पडद्यावर पहिली खरी संधी मिळाली ती पन्नाशीला टेकताना. कामावर उभं राहून दुखणारे पाय त्यांना कोणी शिकवायला नको होते. भाचा म्हणेल हा अभिनयाचा निकष नाही. माझ्यापुरता आहे.

पण यातली उत्तम कोण, हा प्रश्न तसा दुय्यम. मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की या पाचहीजणी स्वयंपाकीण म्हणूनच कर्नलच्या ओळीत खुर्चीवर बसल्या. कर्नलला जे प्रश्न तेच तिला. खुनी नसेल तर तिचं बोलणं खरंच, हा नियम तिलाही लागू.

इतकी का तळमळ, असं वाटेल तुम्हाला. जवळच्यांना माहीत आहे, बाकीच्यांसाठी आज पहिल्यांदा लिहिते. वडील गेले तेव्हा मी नऊ वर्षांची होते. आईने चार घरचा स्वयंपाक धरला. त्यातल्या एका घरी चांदीची वाटी हरवली. घरात त्या दिवशी दहा-बारा माणसं होती, पाहुणेरावळे होते. पण पिशवी तपासली गेली ती एकट्या आईची. ती सांगत होती, "मी घेतली नाही." दुसऱ्या दिवशी देवघरातल्या फडक्याखाली वाटी सापडली. कोणी माफी मागितली नाही. नुसतं "उद्यापासून या" म्हणाले. आणि आई गेली. माझी फी भरायची होती.

खेळात मिसेस व्हाइटवर संशय सहातला एक, कर्नलवरही सहातला एक. माझ्या आईच्या वाट्याला तो सहातले सहा आला. म्हणून नातवंडांबरोबर खेळताना मी नेहमी पांढरी सोंगटी घेते.

आता शेवटचा मुद्दा. खेळाचे हक्क आता हॅस्ब्रो कंपनीकडे आहेत. त्यांनी २०१६ मध्ये मिसेस व्हाइटला काढून टाकलं आणि तिच्या जागी डॉ. ऑर्किड ही शास्त्रज्ञ आणली. काळ बदलला, बाई शिकलेली दाखवावी, म्हणून कौतुकही झालं. जन्मभर मुलींना शिकवलं आहे मी, शास्त्रज्ञ मुलीचा मला आनंदच आहे. पण तिला बसवायला स्वयंपाकिणीलाच का उठवायचं? कर्नलला का नाही? मग २०२३ च्या नव्या आवृत्तीत व्हाइट परत आली, पण 'शेफ व्हाइट' होऊन. काम तेच, पोळपाट तेच. 'स्वयंपाकीण' म्हटलं की पिशवी तपासायची आणि 'शेफ' म्हटलं की टाळ्या वाजवायच्या!

तर भाचेबुवा, मॅडलीन कान थोर होत्या, हे शंभर वेळा कबूल. पण त्यांनी रंगवली ती दुसरीच कोणी बाई. माझ्या मिसेस व्हाइटच्या हाताला कांद्याचा वास येतो.

असो. फार लिहिलं. पुढच्या महिन्यात नातवंडं येणार आहेत, डबा काढून ठेवला आहे. तुमच्यापैकी कोणी कानबाईंच्या बाजूने भांडायला येणार असेल तर जरूर या. चहा मी करीन, कप मात्र आपापले विसळायचे.