तीन हिरव्या दिव्यांचा भरवसा

९ ऑक्टोबर २०२५ रोजी उत्तर प्रदेशातील फर्रुखाबाद जिल्ह्यात, मोहम्मदाबादच्या हवाई पट्टीवरून भोपाळला निघालेले एक खासगी जेट आकाशात झेपावण्यापूर्वीच धावपट्टी सोडून झुडपांत शिरले. कोणालाही इजा झाली नाही, त्यामुळे बातमी दोन दिवसांत विरून गेली. चाकांत हवा कमी होती, असा आरोप घटनास्थळी झाला. त्याचे खरेखोटे चौकशीत ठरेल. त्याआधी चारच आठवडे, १२ सप्टेंबरला, कांडल्याहून मुंबईला निघालेल्या स्पाइसजेटच्या क्यू-४०० विमानाचे एक चाक उड्डाण करतानाच धावपट्टीवर गळून पडले होते. पंचाहत्तर प्रवासी घेऊन ते विमान मुंबईत सुखरूप उतरले. एक विमान धनिकांचे, दुसरे सामान्य प्रवाशांचे. पण दोन्हीकडे प्रश्न विमानाच्या एकाच भागाचा होता. हवेत असताना ज्याची कोणाला आठवण होत नाही आणि जमीन जवळ आली की ज्याच्याशिवाय काहीच चालत नाही, तो हा भाग म्हणजे लँडिंग गिअर.

खासगी जेट म्हटले की उद्योगपती, चित्रपट-तारे आणि निवडणुकीच्या हंगामातील नेते डोळ्यांसमोर येतात. त्यांची चाके उतरली काय किंवा न उतरली काय, आपल्याला त्याचे काय, असे सामान्य वाचकाला वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ही समजूत आता जुनी झाली. ते जेट ज्या राज्याकडे निघाले होते त्या मध्य प्रदेशाकडेच पाहावे. तेथे २०२४ पासून 'पीएमश्री एअर अ‍ॅम्ब्युलन्स' ही योजना सुरू आहे आणि आयुष्मान कार्ड असलेल्या गरीब रुग्णाला तीतून मोफत विमानाने मोठ्या रुग्णालयात नेले जाते. तेथील मंत्रिमंडळाने राज्य सरकारसाठी दोनशे कोटींहून अधिक किमतीचे चॅलेंजर ३५०० जेट घेण्यास मंजुरी दिली. आठ-दहा आसनांची छोटी विमाने, ती चालवणाऱ्या छोट्या कंपन्या आणि त्यांची देखभाल करणाऱ्या मोजक्या कार्यशाळा यांचे हे जग आता शासनव्यवस्थेचा आणि आरोग्यसेवेचा भाग झाले आहे.

उज्जैनमधील माधवनगर ही वस्ती शिंदेशाहीची आठवण आपल्या नावात बाळगून आहे आणि मराठी कानाला ते नाव परके वाटत नाही. तेथील शासकीय रुग्णालय करोनाकाळात कोविड रुग्णालय होते. २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये त्या रुग्णालयासारख्या ठिकाणी खाटेवर पडलेल्या माणसाच्या नातेवाइकांना रेमडेसिव्हिरची कुपी कोठून आणि कशी येते हे विचारण्याची उसंत नव्हती. ती येत होती राज्य सरकारच्या छोट्या विमानातून. ६ मे २०२१ च्या रात्री रेमडेसिव्हिरचे खोके घेऊन ग्वाल्हेरला उतरणारे मध्य प्रदेश सरकारचे किंग एअर बी-२५० विमान धावपट्टीच्या टोकाशी उभारलेल्या अडथळा-जाळीवर आदळले आणि निकामी झाले. वैमानिक बचावले. जाळी वर आहे हे नियंत्रण कक्षाने सांगितलेच नाही, असे वैमानिकाचे म्हणणे होते. सरकारने मात्र त्यालाच सुमारे ८५ कोटींच्या वसुलीची नोटीस पाठवली. विमानाचा विमाच उतरवलेला नव्हता, ही गोष्ट नंतर बाहेर आली. हा अपघात चाकांच्या बिघाडाचा नव्हता. तरीही येथे तो सांगायचा, कारण कोट्यवधींचे विमान बाळगणाऱ्या सरकारी मालकालाही कागदपत्रांची साधी शिस्त सांभाळता येत नाही, हे त्यातून उघड झाले.

योगायोग असा, की त्याच दिवशी, ६ मे २०२१ रोजी, महाराष्ट्राच्या आकाशात दुसरे नाट्य घडत होते. रुग्णाला मुंबईला नेणारे किंग एअर सी-९० जातीचे एक रुग्णवाहिका विमान नागपूरला इंधन घेऊन निघाले आणि उड्डाण करतानाच त्याचे एक चाक सुटून पडले. मनोऱ्यावर पहारा देणाऱ्या केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या जवानाने ते पडताना पाहिले व कळवले, म्हणून वैमानिकाला वेळेत समजले. मुंबईत पूर्ण आणीबाणी जाहीर झाली, धावपट्टीवर फेसाचा थर अंथरला गेला, आणि रात्री नऊच्या सुमारास वैमानिकाने चाके न उघडता विमान पोटावर उतरवले. रुग्णासह पाचही जण सुखरूप बाहेर आले. वैमानिकाचे कौतुक झाले आणि ते रास्तच होते. मात्र त्या कौतुकात एक प्रश्न झाकला गेला. चाक घट्ट बसवलेले आहे की नाही, हे आदल्या दिवशी, आदल्या आठवड्यात किंवा आदल्या महिन्यात कोणी पाहिले होते? आणि पाहिल्याची सही कोणी केली होती?

आणीबाणीच्या यंत्रणेचे मर्म समजून घेतल्याशिवाय हा प्रश्न नीट कळणार नाही. बहुतेक जेट विमानांत चाके उघडण्या-मिटण्याचे काम हायड्रॉलिक दाबाने होते. चाके मिटली की एका आकड्यात अडकून राहतात. तरफ खाली केली की आकडा सुटतो आणि दाबाने पाय बाहेर येऊन पक्के बसतात. मग वैमानिकासमोर तीन हिरवे दिवे लागतात, एक नाकाखालच्या चाकाचा आणि दोन मुख्य चाकांचे. हायड्रॉलिक दाब गेला तर दुसरा मार्ग हवाच. तो विमानागणिक वेगळा असतो. सेसना सायटेशनमध्ये मूठ ओढली की आकडे सुटतात, चाके स्वतःच्या वजनाने खाली येतात आणि बाटलीत साठवलेला दाबाखालील वायू त्यांना शेवटपर्यंत रेटतो. किंग एअरमध्ये वैमानिकाला हाताने दांडा मारत बसावे लागते. काही विमानांत वजन आणि वारा यांवरच भिस्त असते. वायूच्या बाटलीची यंत्रणा तर एकदाच वापरता येते. बाटली सुटली की संपली आणि चाके हवेत पुन्हा मिटवताही येत नाहीत.

म्हणजे ही यंत्रणा अशी, की विमानाच्या साऱ्या आयुष्यात तिची गरज कदाचित एकदाही पडणार नाही. इंजिन बिघडू लागले तर त्याचा आवाज, तापमान, तेलाचा खप काहीतरी सांगतो. रोज वापरातला ब्रेक झिजला तर वैमानिकाच्या पायाला कळते. आणीबाणीची चाके उतरवणारी यंत्रणा मात्र वर्षानुवर्षे मूक असते. ती सुस्थितीत आहे याचा पुरावा तपासणीच्या नोंदीखेरीज दुसरा कोणताच नसतो. नोंद खोटी किंवा उरकलेली असेल, तर ती खोटी आहे हे ज्या दिवशी हायड्रॉलिक दाब जातो त्याच दिवशी कळते.

पोलंडमध्ये १ नोव्हेंबर २०११ रोजी हे साऱ्या जगाने पाहिले. न्यूयॉर्कजवळच्या न्यूअर्कहून वॉर्सोला आलेल्या लॉट कंपनीच्या बोइंग ७६७ विमानाचा हायड्रॉलिक दाब गेला होता. वैमानिकांनी पर्यायी यंत्रणेची कळ दाबली, पण चाके हलली नाहीत. २३१ जणांना घेऊन कॅप्टन तादेउश व्रोना यांनी विमान पोटावर उतरवले, एकाच्याही अंगावर ओरखडा उमटला नाही. नंतर विमान उचलून तंत्रज्ञांनी कॉकपिटमधील एक सर्किट ब्रेकर आत दाबला आणि चाके निमूट बाहेर आली. पर्यायी यंत्रणा पूर्ण सक्षम होती, फक्त तिचा वीजपुरवठा एका बोटभर बटणापाशी तुटलेला होता. मोठ्या कंपनीच्या, उत्तम निगा राखलेल्या विमानात हे घडले. मग दोन-तीन विमाने बाळगणाऱ्या कंपनीच्या हँगरमध्ये काय काय राहून जात असेल, याची कल्पना करावी.

कागदावर आपले नियम कमी नाहीत. विमान उत्पादक देखभालीचे वेळापत्रक ठरवून देतो, नागरी विमान वाहतूक महासंचालनालय ते मंजूर करते, मान्यताप्राप्त संस्था काम करते आणि परवानाधारक अभियंता सही करतो. जुन्या १९३४ च्या कायद्याच्या जागी १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियमही आला. या साखळीत आणीबाणीच्या यंत्रणेची खरी चाचणी मात्र कष्टाची असते. विमान जॅकवर उचलावे लागते. मग मूठ ओढून चाके खरोखर खाली येतात का, आकडे एकाच वेळी सुटतात का, तारांचा ताण बरोबर आहे का, दिवे योग्य क्षणी लागतात का, हे पाहावे लागते. वायू सोडून चाचणी घेतली, तर तो हायड्रॉलिक नळ्यांत शिरतो; तो काढून टाकण्यात, बाटली पुन्हा भरण्यात आणि गळती तपासण्यात दिवस जातो. तेवढा वेळ विमान कमाई करत नाही. उलट बाटलीवरच्या दाबमापकाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे एवढे पाहून सही करायला दोन मिनिटे पुरतात. काटा खरे सांगतो, पण बाटलीपुरतेच. आकड्यावर गंज चढला आहे की नाही, हे त्याला ठाऊक नसते.

येथे छोट्या विमानांची एक अडचण लक्षात घ्यायला हवी, जिची चर्चा फारशी होत नाही. प्रवासी विमान दिवसाला पाच-सहा वेळा उतरते आणि रात्री तपासले जाते. खासगी जेट आठवडाभर उभे राहते, मग एका दिवसात चार गावे फिरते. उभ्या विमानाला विश्रांती मिळते, हा समज चुकीचा आहे. न वापरलेली रबरी सील कोरडी पडतात, वंगण वाळते, सांध्यांत ओल साचते. म्हणूनच चाकांच्या सांगाड्याच्या मोठ्या दुरुस्तीची मुदत उतरणींच्या संख्येबरोबरच वर्षांवरही मोजली जाते. तास कमी झाले म्हणून तपासणी पुढे ढकलण्याचा मोह मात्र मालकाला याच ठिकाणी होतो. गोव्यात तर चार महिन्यांचा मुसळधार पाऊस आणि वर्षभर खारा वारा. दाबोळीची धावपट्टी समुद्राला लागून आहे. नौदलाला गंजाशी रोजचे युद्ध करावे लागते आणि त्यासाठी त्यांच्याकडे माणसे व शिस्त आहे. नाताळच्या दिवसांत दाबोळी आणि मोपा येथे येऊन उभ्या राहणाऱ्या पाहुण्या जेटच्या चाकांना गोड्या पाण्याने धुऊन वंगण कोण करतो, हे त्या त्या मालकाच्या इच्छेवर अवलंबून राहते.

देखरेख करणाऱ्यांची स्थिती काय आहे? ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने विमान सुरक्षेवर सादर केलेल्या अहवालानुसार महासंचालनालयात मंजूर १,०६३ पदांपैकी केवळ ५५३ भरलेली होती. जूनमधील अहमदाबादच्या भीषण दुर्घटनेनंतर याच महासंचालनालयाने दिल्ली, मुंबईसारख्या विमानतळांवर रात्रीबेरात्री पथके पाठवली, तेव्हा झिजलेल्या टायरमुळे एक देशांतर्गत उड्डाण रोखावे लागले आणि त्याच विमानात तेच दोष पुन्हा पुन्हा नोंदले गेल्याची उदाहरणे सापडली. देशातील सर्वाधिक नजरेखालच्या विमानतळांवर ही अवस्था. बिगर-अनुसूचित सेवा देणाऱ्या शंभराहून अधिक परवानाधारक कंपन्यांची विमाने कोठे कोठे विखुरलेली असतात! तेथे निरीक्षक पोहोचतो तो बहुधा आधी कळवून, आणि पाहतो ती नोंदवही. आमच्या मते दोष अधिकाऱ्यांच्या नियतीत कमी आणि संख्येत अधिक आहे. निम्म्या माणसांकडून पूर्ण देशाचे हँगर पाहून होणार नाहीत. पण पाहायचेच असेल, तर आणीबाणीची चाचणी चालू असताना निरीक्षकाने अचानक हजर राहणे हे शंभर नोंदवह्या चाळण्यापेक्षा अधिक उपयोगी ठरेल. अभियंत्याची सही आणि त्याचा पगार एकाच मालकाच्या हाती असतो, तेव्हा तिसऱ्या डोळ्याची किंमत वाढते.

पुन्हा उज्जैनकडे. शहराबाहेर देवास रस्त्यालगत दताना-मताना येथे राज्य सरकारची हवाई पट्टी आहे. २०२८ च्या सिंहस्थासाठी तिचा विस्तार करून विमानतळ उभारण्याचा मध्य प्रदेश सरकारचा मनोदय आहे. मुख्यमंत्री मोहन यादव याच शहराचे, म्हणून कामाला गती येईल असे मानायला जागा आहे. महाकालाच्या दर्शनाला गोव्यातून, महाराष्ट्रातून जाणाऱ्यांची संख्या मोठी आहे आणि सिंहस्थात अतिमहनीय व्यक्तींची छोटी विमाने एकामागून एक उतरतील. मुंबईत २०२१ मध्ये फेस अंथरायला बंब होते, लांब धावपट्टी होती, इंधन जाळत घिरट्या घालायला मोकळीक होती आणि जवळच रुग्णालये होती. जिल्हा पातळीवरील पट्टीवर विमान येणार असेल तेव्हा प्रशासन बंब पाठवते, विमान गेले की तोही परततो. फर्रुखाबादचे जेट झुडपांत शिरले तेव्हा ते हवेत नव्हते, हे नशीब. धावपट्टी लांब करणे आणि इमारत उभी करणे सोपे आहे, कारण त्याचे उद्‌घाटन करता येते. कायम अग्निशमन दल आणि उतरणाऱ्या प्रत्येक विमानाच्या देखभालीची किमान विचारपूस यांना फीत कापण्याचा सोहळा नसतो.

तूर्त एक साधी गोष्ट सरकारांना लगेच करता येईल. रुग्णवाहिका असो वा मंत्र्यांचा दौरा, सरकारी पैशाने विमान भाड्याने घेताना करारात दर आणि वेळ ठरतेच. त्याच करारात त्या विशिष्ट विमानाची आणीबाणीची चाक-उतरण चाचणी जॅकवर शेवटची केव्हा झाली, वायूच्या बाटलीची मुदत केव्हापर्यंत आहे आणि चाकांच्या सांगाड्याची मोठी दुरुस्ती कोणत्या वर्षी झाली, या तीन तारखा मागाव्यात आणि त्या जाहीर कराव्यात. माधवनगरच्या रुग्णालयातून एखाद्याला स्ट्रेचरवर घालून विमानात चढवतील, तेव्हा त्याच्या मुलाला त्या तारखा मोबाइलवर पाहता आल्या पाहिजेत. मध्य प्रदेश, महाराष्ट्र आणि गोवा या तिन्ही राज्यांना यासाठी दिल्लीच्या परवानगीची गरज नाही.